घरातला दुसरा आवाज

बाजार उघडल्यावर पहिला अर्धा तास केतकी गायधनी काहीच करायची नाही, आणि तिला सगळ्यात जास्त अभिमान याच गोष्टीचा होता. सव्वानऊला घंटा झाली की लाखो लोक उड्या घेत. ती मात्र दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसे. एकाच दिवसात घ्यायचं आणि त्याच दिवशी विकून मोकळं व्हायचं, असा तिचा धंदा. अशा धंद्यात काय घ्यायचं यापेक्षा कधी शिरायचं हे महत्त्वाचं, हे तिला बरंच पोळल्यावर समजलं होतं.

बँकेतली नोकरी सोडून ती यात पडली, तेव्हाची पहिली दोन वर्षं वाईट गेली. भाव वर जाताना दिसला की हात शिवशिवायचे आणि ती शिरली की भाव खाली यायचा. नवरा हृषी वैतागला होता. तो गुजरातच्या किनाऱ्यावर, समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांवर इंजिनियर होता, तीन-तीन महिने घरी नसे. तेव्हा तिची बाजू घेतली ती फक्त तिच्या नणंदेनं. मीनलताई हृषीपेक्षा सात वर्षांनी मोठ्या. लग्न केलेलं नव्हतं आणि त्या यांच्याकडेच राहायच्या, नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटमध्ये. त्यांनी फोनवर भावाला एवढंच सांगितलं, "तिला करू दे. शिकेल ती."

आणि केतकी शिकली. शिकायला मदत झाली ती ‘भान’ची.

भान म्हणजे मुठीत मावेल एवढं काळं यंत्र. दोन-तीन वर्षांत ते घरोघरच्या व्यापाऱ्यांकडे आलं होतं. त्यामागची कल्पना साधी होती. एखादा माणूस नुसतं ‘बस’ म्हणाला, तर तो खाली बसायला सांगतोय, पुरे म्हणतोय, की एस.टी. आली म्हणतोय, हे मागचं-पुढचं ऐकल्याशिवाय कळत नाही. शेअरच्या भावाचंही तसंच. भाव कालच्या नीचांकापाशी येऊन थांबला, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. सगळा बाजार तेजीत असेल तर तिथून तो उसळतो. बाजार घायकुतीला आलेला असेल तर तोच भाव दगडासारखा खाली जातो. भान हे मागचं-पुढचं वाचायचं. निर्देशांक कुठे चाललाय, किती शेअर वर आणि किती खाली, कालच्या दिवसाचा कल, परदेशातले बाजार, महामार्गावरच्या मालट्रकची गर्दी, विजेची मागणी, असं शेकडो ठिकाणचं गोळा करून ते एकच आकडा दाखवायचं: आत्ता शिरण्यासाठी संदर्भ किती टक्के अनुकूल आहे. सत्तरच्या वर गेला की केतकी शिरायची, नाहीतर नाही.

यंत्र आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवायचं. बाजाराच्या संदर्भात तो खेळणारा माणूसही येतो, असं ते बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं आणि त्यात तथ्य होतं. माणूस तणावात असला की स्वरयंत्राचे बारीक स्नायू आवळले जातात. बोलण्यातला अगदी सूक्ष्म कंप त्यामुळे बदलतो. हे कानाला कळत नाही, पण यंत्राला कळतं. म्हणून भानमध्ये एक मायक्रोफोन होता. आपण चिडलेले किंवा घाबरलेले असलो की ते सांगायचं, "आज नको." शब्द ते साठवत नसे, फक्त आवाजाचा पोत टिपून ठेवायचं. केतकीचं नुकसान याच मायक्रोफोननं कितीदा तरी वाचवलं होतं.

पण त्या घरात आवाज दोन होते. यातल्या दुसऱ्याकडे दुर्लक्ष कर, असं यंत्राला कोणीच सांगितलेलं नव्हतं.

मीनलताई सिन्नरजवळ इंजेक्शनच्या बाटल्या भरणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळत. कारखाना छोटा, त्याचं नावही बाजारात नोंदलेलं नव्हतं. पण तो माल भरून द्यायचा ‘ध्रुवांश’ला, आणि ध्रुवांश मोठी कंपनी होती. तिच्या शेअरमध्ये रोज प्रचंड उलाढाल व्हायची. एखादा घाणा, म्हणजे एका वेळी भरलेल्या बाटल्यांचा गट, तपासणीत नापास झाला की मीनलताईंना ते आदल्या संध्याकाळी कळे, ध्रुवांशला रात्रीत आणि बाजाराला दुसऱ्या दिवशी दुपारी. या मधल्या वेळात मीनलताई एक अक्षर बोलायच्या नाहीत. वीस वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या. घरात आल्या की त्या कारखान्याचं नावही घेत नसत.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी त्या पोहे खायला बसल्या आणि म्हणाल्या, "लिंबू आहे का गं?" केतकीनं लिंबू कापून दिलं. साडेआठला कारखान्याची बिनचालकाची बस खाली येऊन उभी राहिली आणि त्या गेल्या. बोलणं झालं ते एवढंच.

त्या दिवशी बाजार चांगला वर होता. पावणेदहाच्या सुमाराला भाननं अचानक दाखवलं: ध्रुवांश, विक्री, एक्क्याऐंशी टक्के. केतकी चक्रावली. आधी विकायचं आणि भाव पडला की परत घ्यायचं, हा उलटा व्यवहार ती मंदीच्या दिवशी करायची. इथे तर सगळं हिरवंगार होतं. तिच्या स्वतःच्या अकलेप्रमाणे हात लावायचं काही कारण नव्हतं. पण यंत्र इतक्या वेळा बरोबर निघालं होतं. ती शिरली.

साडेबाराला बातमी आली. ध्रुवांशनं एक इंजेक्शन दवाखान्यांतून परत मागवलं होतं आणि भाव कोसळला.

संध्याकाळी केतकीनं बासुंदी आणली. मीनलताई थकून आल्या, चेहरा ओढलेला. "आज काय विशेष?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, सहजच."

त्यांनी एक चमचा खाल्ला आणि वाटी बाजूला ठेवली. केतकी नंतर आपल्या टेबलाशी गेली आणि सवयीनं भानचं ‘कारणं’ नावाचं पान उघडलं. कुठल्या गोष्टीचा किती वाटा, ते त्यात दिसे. निर्देशांक: नगण्य. मागचा कल: नगण्य. पार खाली लिहिलं होतं: घरातला दुसरा आवाज, बासष्ट टक्के. मीनलताईंचा आवाज आवळला गेला की ध्रुवांश पडतो, हे यंत्रानं मागच्या वेळांवरून आपोआप शिकून घेतलं होतं.

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसली. आत मीनलताई भांडी घासत होत्या, नळाचा आवाज येत होता. यंत्रासाठी तो दुसरा आवाज बंद करायचं बटण त्याच पानावर होतं, अंगठ्याएवढं. आपण काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही, असं तिनं मनाशी म्हटलं. बटण उद्या दाबू, असंही म्हटलं. आणि पान मिटून टाकलं.

उद्या काही ती वेळ आली नाही. एप्रिलमध्ये पुन्हा तसंच झालं, आणि या वेळी मात्र तिला शिरण्याआधीच कारण माहीत होतं. बोट पडद्यावर टेकताना कान तापले, एवढं तिला आठवतं. पण बोट टेकलंच. हृषीचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "कमाल आहे बुवा तुझी. नेमकी कशी शिरतेस?"

"वाट बघते," ती म्हणाली. "संदर्भ जुळेपर्यंत हलायचं नाही."

याहून वाईट गोष्ट मे महिन्यात घडली. मीनलताईंना सकाळी बोलण्याचाच कंटाळा येऊ लागला होता. डोकं दुखतंय म्हणत, न्याहारी न करताच निघत. एका गुरुवारी सकाळी आठला केतकीनं भान पाहिलं. आदल्या दिवशी बाजार पडून बंद झाला होता, ध्रुवांशही दिवसाच्या नीचांकापाशीच बंद झाला होता. सगळं अर्धवट जुळून आलेलं. यंत्र म्हणत होतं: दुसरा आवाज अपुरा.

केतकी स्वयंपाकघरात गेली आणि आलं किसून चहा केला. मग भान टेबलावरून उचलून आणलं आणि जेवणाच्या टेबलावर आंब्यांच्या परडीशेजारी ठेवलं. मीनलताई पायात चप्पल सरकवत होत्या.

"बसा ना जरा, मीनलताई. बस यायला वेळ आहे."

त्या बसल्या. केतकी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "बरं वाटत नाहीये का? तुम्ही कधी काही बोलतच नाही. कसं चाललंय कामाचं?"

मीनलताईंनी चकित होऊन तिच्याकडे पाहिलं. मग हळूहळू त्या बोलायला लागल्या. गुडघे दुखतात. हाताखालची नवी मुलं हुशार आहेत, पण यंत्रानं ‘पास’ म्हटलं की डोळे मिटून सही करतात. पूर्वी डबा खायला पुष्पा असायची, ती निवृत्त झाली, आता कॅन्टीनमध्ये एकटीनं जेवायला नको वाटतं. "आणि परवा गंमत झाली," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या विसरभोळेपणाचा एक किस्साही सांगितला आणि हसल्या. कुठल्याही घाण्याबद्दल, कुठल्याही तपासणीबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. केतकी मान डोलावत होती. तिची नजर मात्र परडीशेजारी भानवरच्या दिव्यावर होती; आवाजात ताण सापडला की त्याचा रंग बदले. तो निळ्याचा पिवळा झाला, मग केशरी.

खाली बसचा हॉर्न दोनदा वाजला. "अगंबाई, आली की!" म्हणत मीनलताई उठल्या. दारात त्यांनी केतकीच्या गालाला हात लावला. असं त्या कधी करत नसत.

बाजार उघडला. पहिला अर्धा तास केतकी मांडीवर हात ठेवून बसली. भाव थोडा वर आला, अडखळला, आणि ती शिरली.

पंधरा दिवसांनी मीनलताई भर दुपारी रिक्षानं घरी आल्या. हातात पर्स, डबा आणि कारखान्यातल्या टेबलावरचा घड्याळाचा स्टँड. त्यांनी सगळं नीट सोफ्यावर ठेवलं.

"मला निलंबित केलंय," त्या म्हणाल्या. "ध्रुवांशची बातमी फुटली म्हणे, तीनदा. बाजार-नियामकाच्या संगणकांनी शोधून काढलंय. तिन्ही वेळा बातमीच्या आधी विक्री झाली ती आपल्या पत्त्यावरून." मग खूप अवघडून त्यांनी केतकीकडे पाहिलं. "तुलाही नोटीस येईल. माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे?"

"मीच काहीतरी बोलले असणार ना गं. नाहीतर तुला कसं कळणार? तुलासुद्धा जाणवलं नसेल, पण कुठेतरी मनात राहिलं असेल."

केतकी म्हणाली, "नाही हो, तुम्ही काही बोलला नाहीत." आणि सोफ्यावरचा डबा उचलून ती स्वयंपाकघरात गेली.

पुढचा आठवडा तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांब आठवडा होता. मीनलताई जुनी वही घेऊन बसायच्या आणि त्या तीन सकाळी आठवायच्या. "मंगळवारी मी लिंबू मागितलं होतं," त्या म्हणायच्या. "मी एरवी मागत नाही. त्यावरून तुला वाटलं का काही?" एकदा भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलं, "मी झोपेत बोलते का गं? खरं सांग." वीस वर्षं जिनं तोंडातून शब्द जाऊ दिला नाही, ती बाई आता ‘वांगी आण’ म्हणायलाही बिचकत होती. केतकी समोर आली की डोळे खाली घालत होती. स्वतःची लाज वाटल्यासारखी. केतकी भान घेऊन कपाटात ठेवायची, परत काढायची. ते बंद करून तरी आता काय होणार होतं?

बुधवारी यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या वकिलाचा फोन आला. आवाज मऊ. "मॅडम, काळजीचं कारण नाही. यंत्रानं आपोआप शिकून घेतलं, हे आम्ही लेखी मान्य करू. यात दोष कोणाचाच नाही. तुमच्या नणंदबाई सुटतील, तुम्हीही सुटाल. तुम्हाला फक्त एवढंच सांगायचंय की हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. ‘कारणं’ हे पान कोणी उघडलं, याची आम्ही नोंद ठेवत नाही."

"म्हणजे कोणाला कळणार नाही."

"कोणालाच नाही."

फोन ठेवल्यावर तिला सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळपर्यंत तिनं ठरवून टाकलं की असंच सांगायचं. ताईंची नोकरी वाचते, मग आणखी काय हवं?

चौकशीच्या दिवशी सकाळी ती बाहेरच्या खोलीत आली, तर मीनलताई तयार होऊन बसल्या होत्या. हातात एक कागद होता.

"हे वाचून बघ बरं. बरोबर लिहिलंय का."

कागदावर त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं की माझ्याकडून नकळत घरी उल्लेख झाला असावा, भावजयीला त्याचं महत्त्व माहीत नव्हतं, जबाबदारी सर्वस्वी माझी आहे.

"हे कशाला?" केतकी म्हणाली. "तुम्ही बोलला नाहीत तर—"

"मला खात्री नाही ना आता. आणि तुझ्यावर ठपका आला तर मी हृषीला काय तोंड दाखवू? माझी नोकरीची अशीही पाचच वर्षं राहिली आहेत."

केतकी समोरच्या खुर्चीत बसली. वकिलानं पढवलेली वाक्यं सगळी तोंडपाठ होती. तिनं ती म्हटली नाहीत. खाली बघत, तुटक तुटक, तिनं सगळं सांगितलं. मायक्रोफोन, आवाजातला कंप, ते पान, ते बटण. फेब्रुवारीतच कळलं होतं, हेही.

मीनलताई चिडतील, ओरडतील, अशी केतकी वाट बघत होती. मग त्यांनी विचारलं, "आणि तो चहा? त्या दिवशी तू मला बसवून घेतलंस. तेव्हाही ते चालू होतं?"

"हो."

"त्यासाठीच बसवलंस?"

केतकीला मान वर करता आली नाही. "हो."

"मी बसमधून हृषीला फोन केला होता," मीनलताई म्हणाल्या. "म्हटलं, तुझी बायको आज माझ्याजवळ बसली होती रे. किती वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं." त्यांनी हातातला कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. "चल. उशीर होईल."

त्र्यंबक रोडवरच्या सरकारी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चौकशी होती. तांबोळी नावाच्या अधिकारी बाई, कारखान्याचे दोघं, आणि भिंतीवरच्या पडद्यावर तो वकील. मीनलताई शेवटच्या खुर्चीवर बसल्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली.

"तुम्ही अनुभवी आहात," तांबोळी बाई म्हणाल्या. "शिरायची वेळ कशी ठरवता?"

केतकीनं सांगितलं. बाजाराचा एकूण कल, पहिल्या अर्ध्या तासातला उच्चांक आणि नीचांक, कालच्या पातळ्या, भाव परत येऊन अडखळतो का. हे ती झोपेतही सांगू शकली असती.

"फेब्रुवारीत यातलं काहीच जुळत नव्हतं. तरी शिरलात."

वकील खाकरला. "मॅडम, आम्ही लेखी निवेदन दिलेलं आहे. यंत्रानं स्वतःहून शिकलेला हा संबंध वापरकर्त्याला माहीत असण्याचं काहीही कारण—"

"मी त्यांना विचारतेय," तांबोळी बाई म्हणाल्या. "यंत्र तुमच्या नणंदेचा आवाज वापरतंय, हे तुम्हाला कधी कळलं?"

खोलीतला पंखा फिरत होता. केतकीला वाटलं, अजूनही सांगता येईल. मीनलताई काही बोलणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. जगात कोणीच बोलणार नव्हतं.

"पहिल्याच दिवशी, संध्याकाळी," ती म्हणाली. "ते बंद करता येत होतं. मी केलं नाही. एप्रिलमध्ये मला माहीत असताना शिरले. मे महिन्यात त्या बोलत नव्हत्या, म्हणून मी त्यांना चहा देऊन बोलतं केलं. यंत्र त्यांच्यासमोर ठेवून. त्यांनी कधीही, काहीही सांगितलं नाही. मी त्यांच्याकडून काढून घेतलं."

कारखान्याच्या माणसांपैकी एकानं तिच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली, जसं रस्त्यात कोणी उघडंनागडं दिसल्यावर माणूस वळवतो. पडद्यावरच्या वकिलानं आपली चौकट बंद केली. तांबोळी बाई लिहीत राहिल्या. मग त्यांनी तेच सगळं केतकीला पुन्हा, सावकाश, तारखांसह सांगायला लावलं. आणि नंतर सहीसाठी मोठ्यानं वाचून दाखवलं. परक्या आवाजात स्वतःचं कृत्य शेवटपर्यंत ऐकून केतकीनं सही केली.

त्याच दुपारी मीनलताईंवरचा आरोप मागे घेतला गेला. केतकीला निकाल लागेपर्यंत बाजारात व्यवहार करायला बंदी झाली, पुढे खटलाही चालणार होता. ‘भान’मधला दुसरा आवाज देशभर बंद करण्याचा आदेश निघाला. तांबोळी बाई म्हणाल्या तसं, अशी आणखी किती घरं आहेत, ते आता शोधावं लागणार होतं.

खाली पायऱ्यांवर ऊन होतं. मीनलताई रिक्षासाठी हात करत होत्या.

"ताई," केतकी म्हणाली.

"कारखान्याचं एक क्वार्टर रिकामं आहे. मघाशीच विचारलं त्यांना. एक तारखेपासून मी तिकडे राहीन."

"मी येऊ का सामान बांधायला?"

"नको." त्या रागानं बोलल्या नाहीत, एवढंच. रिक्षा थांबली. आत बसताना त्या वळल्या. "आत बोललीस, ते हृषीला मी सांगणार नाही. ते तूच सांगायचंस."

रिक्षा वळून दिसेनाशी झाली. केतकी तिथेच पायरीवर बसली. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात होते. थोड्या वेळानं फोन वाजला. पडद्यावर हृषीचं नाव होतं. तिनं उचलला. त्याच्या मागे समुद्राचा वारा घोंघावत होता.

"सुटली ना ताई? तिचा मेसेज आला आत्ता," तो ओरडून बोलत होता, आनंदानं. "मला माहीतच होतं गं. मी इथे सगळ्यांना सांगत होतो, काहीतरी गैरसमज झालाय. माझी बायको असं काही करणं शक्यच नाही—"

"हृषी, थांब," ती म्हणाली. "वाऱ्यातून बाजूला ये. मी काय सांगते ते नीट ऐक."